डिस्क बूट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी फोनवर काळ्या पडद्याचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "सर, आता काय करू?" त्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. समोर मशीन बंद पडलेलं असेल आणि घाईत असाल, तर आधी प्रश्न ५ वाचा आणि मगच कशाला तरी हात लावा. कमांडची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.

१. लॅपटॉप चालू होतो, पण विंडोज येत नाही. म्हणजे हार्ड डिस्क गेली का?

लगेच तसं धरून चालू नका. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, नव्या मशीनमध्ये तो यूईएफआय असतो. तो डिस्क शोधतो, डिस्कच्या सुरुवातीच्या भागातला छोटा प्रोग्रॅम वाचतो आणि तो प्रोग्रॅम पुढे विंडोजला उठवतो. यातलं काहीही अडलं तरी तुम्हाला दिसतं ते एकच, विंडोज आलं नाही.

कुठे अडलं याकडे लक्ष द्या. कंपनीचा लोगोच येत नसेल तर बहुतेक वेळा दोष रॅम, पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्डचा असतो. लोगो येऊन काळ्या पडद्यावर एखादी ओळ येत असेल तर डिस्क, तिची केबल किंवा बूटच्या फाइली यांच्यावर संशय घ्यावा. ठिपके गोल फिरतात आणि मग निळा पडदा येतो, तेव्हा डिस्क निदान वाचली तरी जाते आहे.

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवून पाहा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्या मशीनच्या डिस्क धडधाकट होत्या. एक फाइल काढून टाकली की ती सुरू होत होती.

२. डिस्क मशीनला दिसते की नाही, हे कसं तपासू?

चालू करताना एफ२, डिलीट, एफ१० किंवा एस्केप यांपैकी एक बटण सारखं दाबत राहा, बायोसचा पडदा येईल. तिथे डिस्कचं नाव आणि मॉडेल नंबर दिसतो का ते पाहा. त्याआधी लावलेले सगळे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं काढा. पेन ड्राइव्ह विसरल्यामुळे "नो बूटेबल डिव्हाइस" असं येणारी मशीनं माझ्याकडे अजूनही येतात.

डिस्क दिसत नसेल तर डेस्कटॉपमध्ये साटा केबल (डिस्कची डेटाची केबल) आणि पॉवरची पिन काढून पुन्हा बसवा, जमलं तर केबलच बदला. आपल्याकडे पावसाळ्यात कनेक्टरवर गंज चढतो, त्यामुळे हे करून मशीन सुरू होण्याचं प्रमाण चांगलं आहे. केबल बदलूनही डिस्क दिसत नसेल तर दोष डिस्कच्या आत आहे असं समजा. अशा डिस्कवर कुठलंही सॉफ्टवेअर चालणार नाही, कारण सॉफ्टवेअरलाही ती दिसणार नाही.

३. पडद्यावर आलेल्या ओळीवरून काही कळतं का?

बरंच कळतं, म्हणून फोटो काढून ठेवा.

"नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "बूट डिव्हाइस नॉट फाउंड": डिस्क दिसत नाही, किंवा दिसते पण तिच्यावर बूट करण्यासारखं काही सापडत नाही. "बूटमॅनेजर इज मिसिंग": डिस्क वाचली गेली, बूटची फाइल मिळाली नाही. शेवटी २२५ किंवा शून्य-शून्य-ई असणारे सी-शून्यचे कोड: कोणतं विंडोज कुठून सुरू करायचं याची नोंद बिघडली आहे, उपाय प्रश्न ९ मध्ये. "अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम": विंडोजच्या पार्टिशनची (डिस्कच्या त्या भागाची) फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठे आहेत याचा हिशोब, बिघडली आहे. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस": हा फसवा आहे, अनेकदा डिस्क ठीक असते आणि बायोसमधलं एक सेटिंग बदललेलं असतं, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येतोय. काय करू?

ताबडतोब बंद करा. शटडाउनची वाट पाहू नका, बटण दाबून धरा.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारी हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतात. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. हेड खराब झालं की त्याला चकतीवरच्या खुणा वाचता येत नाहीत, ते टोकापर्यंत जाऊन परत येतं, पुन्हा प्रयत्न करतं. तो टक्-टक् आवाज त्याचा असतो. अशा वेळी हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक फेरीत तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेल्या भागातला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

"एकदा चालू होते का बघू" म्हणून लोक दहा वेळा चालू करतात. एका गृहस्थांनी मुलीच्या लहानपणीच्या फोटोंसाठी अशी डिस्क रात्रभर लावून ठेवली होती. सकाळी आवाज थांबला होता. त्यांना वाटलं बरी झाली. आत चकतीवर गोल चर पडला होता.

आवाज येणाऱ्या डिस्कला घरगुती उपाय नाही. डेटा हवा असेल तर प्रश्न १८ वर जा, नको असेल तर डिस्क बदला.

५. आधी विंडोज दुरुस्त करायचं की आधी डेटा काढायचा?

आधी डेटा. कायम.

डिस्क बूट होत नाही तेव्हा दोन वेगळी कामं समोर असतात. एक, तुमच्या फाइली बाहेर काढणं. दोन, मशीन पुन्हा चालू करणं. लोक दुसऱ्या कामापासून सुरुवात करतात आणि त्या खटपटीत पहिलं कायमचं हातून जातं. बूट दुरुस्तीचं जवळजवळ प्रत्येक साधन डिस्कवर काहीतरी लिहितं. दोष फक्त विंडोजचा असेल तर त्याने नुकसान होत नाही. दोष डिस्कचा असेल तर होतं. पहिल्या तासात दोघांत फरक कळत नाही, म्हणून आधी फाइली.

डिस्क बायोसमध्ये दिसते आणि आवाज करत नाही, तर सगळ्यात सोपा मार्ग असा. दुसऱ्या मशीनवर किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, त्यावरून बूट करा, "रिपेअर युवर कॉम्प्युटर" निवडा आणि कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे नोटपॅड असं टाइप करा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतल्या ओपनमध्ये जा आणि खाली "ऑल फाइल्स" निवडा. त्या छोट्या खिडकीतून पूर्ण डिस्क दिसते, फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी करता येतं आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतं. कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, तरी थांबा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचं सी कदाचित डी म्हणून दिसेल.

दुसरा मार्ग उबुंटूसारख्या लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हचा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचा. "इन्स्टॉल" निवडायचं नाही, "ट्राय" निवडायचं. विंडोज नीट बंद झालं नसेल तर लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं. आपल्याला तेवढंच हवं आहे, तेव्हा जबरदस्तीने लिहिण्याची परवानगी मिळवू नका. बाहेरची डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

कॉपी मध्येच अडकत असेल, एकेका फाइलवर मिनिटं जात असतील, तर थांबा आणि प्रश्न ८ वाचा.

६. डिस्कची तब्येत कशी कळते?

प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ती दाखवतात. हार्ड डिस्कसाठी मी चार ओळी पाहतो. क्रमांक ५, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). १९७, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८, म्हणजे तपासणीत वाचता न आलेले. या तिन्हींमध्ये शून्य हवं. १९७ चा आकडा रोज वाढत असेल तर डिस्क उतरणीला लागली आहे. चौथी ओळ १९९, ती वाढत असेल तर आधी केबल बदला, कारण ही चूक डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची असते.

पडद्यावर "गुड" लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्मार्ट चांगलं दाखवणाऱ्या डिस्कही अचानक बंद पडतात. वाईट दाखवत असेल तर मात्र त्यावर विश्वास ठेवा.

७. दुकानदार म्हणतो चेकडिस्क मारून बघू. मारू द्यायची का?

चेकडिस्क म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. डेटा बाहेर काढलेला असेल तर खुशाल. नसेल तर नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या चेकडिस्कने गेलेला डेटा मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. चेकडिस्कला तुमचे फोटो माहीत नसतात. तिला फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायचा असतो. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही की ती नोंद काढून टाकते, आणि त्यातल्या फाइली "फाउंड" नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेले तुकडे होऊन पडतात. हिशोब जुळतो, विंडोज कदाचित सुरूही होतं, आणि मग लक्षात येतं की "ऑफिस २०१८" हे फोल्डरच नाही.

तिचा "आर" प्रकार आणखी जड आहे. तो पूर्ण डिस्कचा एकेक भाग वाचतो. खराब सेक्टरवर हार्ड डिस्क कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, असे हजारो सेक्टर असले की तास, कधी दिवस जातात. मरायला टेकलेल्या डिस्कचे उरलेले तास अशा कामात घालवू नयेत.

स्मार्ट स्वच्छ आहे, वीज गेल्यामुळे मशीन मध्येच बंद पडलं, डेटाची कॉपी घेतली आहे, अशा वेळी चेकडिस्क अगदी योग्य साधन आहे. "एफ" ने सुरुवात करा, बहुतेकदा तेवढं पुरतं.

८. डिस्क दिसते, पण कॉपी होता होता अडकते. कसं काढू?

अशा डिस्कवरून फाइली एकेक करून उचलू नका. आधी तिची प्रतिमा घ्या, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं मोफत साधन आहे. उबुंटूत त्याच्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे. त्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जे सहज वाचता येतं ते आधी उतरवायचं, अडलं की तो भाग सोडून पुढे उडी मारायची, आणि चांगलं सगळं हाती आल्यावर मागे राहिलेल्या जागा पुन्हा खोदायच्या. सोबत एक नकाशाची फाइल राहते. वीज गेली किंवा डिस्क मध्येच झोपली तरी त्या नकाशामुळे काम होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

काम सुरू करण्याआधी एलएसबीएलके कमांडने डिस्कची नावं, आकार आणि मॉडेल पाहून कागदावर लिहून ठेवा. कमांडमध्ये आधी खराब डिस्क, मग नवी डिस्क, मग नकाशाची फाइल. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर उतरेल आणि तिथून परतीचा रस्ता नाही. थेट डिस्कवर उतरवत असाल तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. पहिल्या फेरीला "एन" हा पर्याय लावा, म्हणजे खरवडण्याचा टप्पा टाळला जातो. दुसऱ्या फेरीत तो काढा आणि "आर ३" लावा, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न होतील. नकाशाची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवलीत तर मशीन बंद होताच ती जाईल.

चांगली १ टीबीची डिस्क तीन-चार तासांत उतरते. खराब डिस्कला दोन दिवसही लागतात. मी टेबल फॅन लावून ठेवतो, डिस्क गरम होऊ देत नाही. मध्ये टक्-टक् सुरू झाली तर थांबा, ते प्रश्न ४ चं प्रकरण झालं.

९. डेटा काढून झाला. आता बूट कसं दुरुस्त करायचं?

प्रश्न ५ मधल्या पेन ड्राइव्हवरून बूट करून आधी "स्टार्टअप रिपेअर" चालवून पाहा. नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट सुरू करून "लिस्ट डिस्क" टाइप करा. जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर डिस्क नव्या पद्धतीची आहे, नसेल तर जुन्या एमबीआर पद्धतीची. उपाय यावर ठरतो.

एमबीआरमध्ये सगळा भार पहिल्या ५१२ बाइटवर असतो. त्यातले ४४६ बाइट बूटचा कोड, ६४ बाइट चार पार्टिशनचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटची सही. तिथे बूटरेक कमांडचे तीन पर्याय क्रमाने वापरा: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. फिक्सएमबीआर फक्त कोड बदलतं, पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही.

जीपीटी असेल तर प्रश्न १० वर जा. दोन्हीकडे बूट झाल्यावरही विंडोज अडखळत असेल तर एसएफसी स्कॅननाउ चालवा, ते बिघडलेल्या सिस्टिम फाइली बदलतं.

१०. फिक्सबूट चालवलं की "ॲक्सेस इज डिनाइड" येतं. आता?

जीपीटी मशीनवर असं नेहमी होतं. तिथे बूटच्या फाइली सी वर नसतात, साधारण १०० एमबीच्या, फॅट३२ असलेल्या लपवलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. त्या नव्याने लिहायच्या.

डिस्कपार्टमध्ये "लिस्ट व्हॉल्यूम" करा, ते छोटं फॅट३२ पार्टिशन शोधा, "सिलेक्ट व्हॉल्यूम" ने निवडा आणि "असाइन लेटर" ने त्याला एस हे अक्षर द्या. तिथल्याच यादीत विंडोजचं पार्टिशन कोणत्या अक्षरावर आहे तेही पाहा. मग "एक्झिट" करून बीसीडीबूट ही कमांड द्या: आधी विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय. "सक्सेसफुली क्रिएटेड" अशी ओळ आली की पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू करा. दुसऱ्या डिस्कवर क्लोन केलेलं विंडोज उठत नसेल तेव्हाही हाच उपाय लागू पडतो.

११. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर "फॉरमॅट करा" म्हणतो. करू का?

"कॅन्सल" दाबा. "इनिशलाइझ डिस्क" असं विचारलं तरी "कॅन्सल". विंडोजला तिथली फाइल सिस्टिम ओळखता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. डेटा बहुधा जागेवर असतो.

आधी प्रश्न ८ प्रमाणे प्रत घ्या, मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क चालवा. हे मोफत साधन हरवलेली पार्टिशनं शोधतं आणि तक्ता पुन्हा लिहिण्याआधी आतल्या फाइली दाखवतं. फाइली दिसल्या तर तिथूनच कॉपी करून घ्या. जीपीटी डिस्कच्या अगदी शेवटी तक्त्याची दुसरी प्रत असते, त्यामुळे फक्त सुरुवात बिघडली असेल तर ती बऱ्याचदा पूर्ण परत येते. टेस्टडिस्कचं जोडसाधन फोटोरेक हा शेवटचा पर्याय. ते फाइल सिस्टिमकडे न पाहता थेट फाइलींच्या खुणा हुडकतं, फोटो मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात.

१२. चुकून फॉरमॅट झालंच. मिळेल का?

हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं आणि नंतर काही लिहिलं नाही, तर बहुतेक मिळतं. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, ते झालं तर नाही. एसएसडीवर (चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) क्विक फॉरमॅटही घातक आहे, कारण विंडोज त्याच वेळी ट्रिमचा आदेश देतं आणि एसएसडी जुना डेटा मोकळा करून टाकते. "विंडोज नव्याने टाकून देतो" म्हणणाऱ्याला आधी विचारा की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स कुठे ठेवणार. हे तिन्ही सी वर असतात, "डेटा डी मध्ये आहे" म्हणणाऱ्यांचेसुद्धा.

१३. एसएसडीचं दुखणं वेगळं असतं का?

हो. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाजाची सूचना मिळत नाही. काल चालू होती, आज बायोसमध्ये नाही. कधी ती फक्त वाचण्याच्या अवस्थेत जाते, अशा वेळी आनंदाने सगळं कॉपी करून घ्या. अचानक वीज गेल्यावर हरवलेली साटा एसएसडी कधी कधी डेटाची केबल न लावता वीस-तीस मिनिटं नुसती वीज दिल्यावर परत दिसते, कारण तेवढ्या वेळात तिची अंतर्गत दुरुस्ती पूर्ण होते. यात काही जात नाही, करून पाहा.

दोष कधी फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचाही असतो. एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि डेटाही जाईल, उपाय म्हणजे त्याआधी फर्मवेअर अपडेट करणं. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाऊ शकतात. रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीला, बॅकअप समजणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घ्यावं.

१४. डिस्क ठीक आहे, काही बदललं नाही, तरी एका सकाळी बूट बंद. तारीखही जुनी दिसते.

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाहा, बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की बायोस आपली सेटिंगं विसरतो. साटाचा प्रकार (डिस्कशी बोलण्याची पद्धत) रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट गेला की "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" येतं. यूईएफआयचं लेगसी (जुनी बायोस पद्धत) झालं की "नो बूटेबल डिव्हाइस". सेल बदला आणि सेटिंग पूर्ववत करा, विंडोज जसंच्या तसं उभं राहतं. अशा मशीनवर विनाकारण विंडोज पुन्हा टाकलेलं पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं.

नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये याचाच भाऊ भेटतो: विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो डिस्कच नाही, बायोस म्हणतो आहे. तिथे व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क हाताळणारं सेटिंग चालू असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" करा.

१५. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ आकडी की मागतोय. मी तर कधी लावलं नव्हतं.

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असेल. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगइन केलं की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, आणि की त्याच खात्यात साठवली जाते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगइन करा, पडद्यावरच्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं जुळवा. खातं मुलाचं, भाच्याचं किंवा दुकानदाराचं असू शकतं, तिथेही शोधा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे असते. की मिळाली नाही तर डेटा कोणालाच काढता येत नाही, उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अजून मशीन चालू असेल तर आजच की शोधून कागदावर लिहा.

१६. डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते असं ऐकलंय. किंवा दुसऱ्या डिस्कचं सर्किट लावलं तर?

फ्रीज नको. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं, आणि कोकणातल्या हवेत तर मिनिटांत. ठोकणंही नको. घरी झाकण उघडणं तर मुळीच नको, धुळीचा एक कण हेडच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सर्किट बदलणं जुन्या डिस्कना चालायचं. आताच्या डिस्कच्या सर्किटवर त्या एकाच डिस्कची जुळणी असलेली चिप असते, ती काढून नव्या सर्किटवर बसवावी लागते. हे काम येणाऱ्यानेच करावं.

१७. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क वाळवून लावू का?

ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं: उन्हात वाळवली, ड्रायर फिरवला, वीज दिली. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. वाळली की पाण्यातला गाळ चकतीवर चिकटतो, आणि वीज देताच हेड त्यावर आपटतं.

वीज देऊ नका, वाळवू नका. ओली आहे तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लवकर लॅबकडे द्या. एसएसडी आणि पेन ड्राइव्हची स्थिती त्या मानाने बरी असते. जाणकाराने आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट स्वच्छ केलं आणि पूर्ण सुकू दिलं, तर बऱ्याच चालतात.

१८. डेटा रिकव्हरी लॅबला द्यायचं तर काय विचारू?

तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे? पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का? डिस्क उघडावी लागली तर धूळविरहित जागा त्यांची स्वतःची आहे का? माझी डिस्क मला परत मिळणार का? उत्तरं लेखी घ्या. डिस्कला आधी काय काय करून झालं ते न लपवता सांगा, त्यांना त्याचा उपयोग होतो.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, आणि जुनी डिस्क साधारणपणे कंपनीकडेच राहते. डेटा हवा असेल तर वॉरंटीला देण्याआधी विचार करा.

१९. टॅलीचा डेटा कुठे शोधू?

टॅलीच्या फोल्डरमधली टॅली डॉट आयएनआय ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, डेटाचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. टॅलीप्राइममध्ये तो बहुधा सी वरच्या पब्लिक युजरच्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून फॉरमॅटमध्ये हमखास जातो. प्रत्येक कंपनीचं नुसत्या आकड्यांच्या नावाचं फोल्डर असतं. टॅलीच्या ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीच्या फाइली ९०० आणि प्राइमच्या नव्या आवृत्त्यांच्या १८०० या एक्स्टेन्शनच्या असतात. एखादी फाइल निवडून उपयोग नाही, पूर्ण फोल्डर उचला.

२०. फाइली परत मिळाल्या, पण मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. डेटा खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. छापखाने, लग्नपत्रिकावाले, साप्ताहिकं, ग्रामपंचायती आणि वकिलांच्या जुन्या फाइली श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतात. त्या युनिकोडच्या आधीच्या आहेत. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. नव्या मशीनवर तो फॉन्ट नाही, म्हणून आतली चिन्हं तशीच उघडी पडतात.

ओळखायची खूण सोपी आहे. शब्दांमधल्या मोकळ्या जागा, ओळी आणि परिच्छेद जागच्या जागी असतील तर मजकूर शाबूत आहे. सलग कचरा असेल किंवा फाइल रिकामी उघडत असेल तर मात्र ती खरोखर बिघडली.

म्हणून जुन्या डिस्कवरून डेटा काढताना विंडोजच्या आतलं फॉन्ट्स हे फोल्डरही आठवणीने कॉपी करा. लोक ते सोडून देतात, आणि पेजमेकर किंवा कोरल ड्रॉच्या शेकडो फाइली हातात असूनही वाचता येत नाहीत. आमच्याकडे एका छापखान्याच्या वीस वर्षांच्या फाइली अशाच "गेल्या" होत्या. मालकांच्या घरी माळ्यावर एक बंद पडलेला जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या डिस्कवर तो फॉन्ट निघाला, नव्या मशीनवर टाकला, आणि पहिलीच फाइल उघडली ती त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका.